एअरसॉफ्ट पिस्तूल परदेशातून गोव्यात आणण्याविषयी कायदेशीर मार्गदर्शन हवे आहे

डिचोली तालुक्यातील आमची हौशी नाट्यमंडळी दरवर्षी गावच्या जत्रेला नाटक करते. यंदाचे नाटक मुक्तिलढ्यावरचे असून त्यातील पोर्तुगीज अंमलदाराच्या हाती पिस्तूल हवे आहे. गेल्या खेपेस आम्ही काळा रंग दिलेले लाकडी पिस्तूल वापरले; ऐन दुसऱ्या अंकात त्याची नळी निखळून पेटीवाल्याच्या पुढ्यात पडली आणि फाशीची धमकी चालू असताना मंडपात हशा पिकला. माझा मावसभाऊ तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा आहे. त्याची बोट सध्या जपानच्या बंदरांत असून तो पुढच्या महिन्यात विमानाने मोपाला उतरणार आहे. तिथले स्प्रिंगवर चालणारे एअरसॉफ्ट पिस्तूल (प्लॅस्टिकची गोळी उडवणारे, खऱ्यासारखे दिसणारे) आणू का, असे त्याने विचारले आणि मी त्याला तूर्त थांबायला सांगितले आहे.

माझ्या वाचनात आले ते असे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येनुसार स्फोटकाने किंवा ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेने’ काहीही फेकणारे शस्त्र हे अग्निशस्त्र ठरते. मात्र ज्याचा खेळण्याखेरीज दुसरा उपयोग होऊ शकत नाही आणि ज्याचे रूपांतर वापरण्याजोग्या शस्त्रात करता येत नाही, अशी वस्तू ‘शस्त्र’ या शब्दातूनच वगळली आहे. हवेच्या बंदुकीला परवान्यातून सूट आहे, पण ती २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा आणि नळीचा ४.५ मिलिमीटरपर्यंतचा व्यास असेल तरच. माझी अडचण इथेच आहे. एअरसॉफ्टची प्लॅस्टिकची गोळी ६ मिलिमीटरची असते. ०.२० ग्रॅमची अशी गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तरी तिची ऊर्जा १ ज्यूलच भरते, आणि जपानी कायद्यानुसार ती त्याहूनही कमी ठेवावी लागते. म्हणजे ऊर्जा मर्यादेच्या विसाव्या हिश्शाएवढी, पण व्यास मात्र मर्यादेबाहेर. मग हे खेळणे समजावे की शस्त्र? नळीचे टोक नारिंगी असले की चालते, असे काही जण छातीठोकपणे सांगतात; परंतु माझ्या समजुतीप्रमाणे तो नियम अमेरिकेतला आहे. गोळी न सुटणारी, केवळ दिसायला हुबेहूब अशी धातूची प्रतिकृती आणल्यास काही फरक पडतो का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (वास्को येथे सीमाशुल्काच्या कागदपत्रांचे काम करतो)

आपण जी सूट सांगता ती वस्तू बाळगण्याच्या परवान्यापुरती आहे. आयात हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी त्याच अधिनियमाचे कलम १० पाहावे लागते. शिवाय स्प्रिंग, हवा किंवा वायू यांवर चालणाऱ्या बंदुका व पिस्तुले सीमाशुल्काच्या वर्गीकरणात ९३०४ या शीर्षाखाली येतात आणि त्यांची आयात विदेश व्यापार महासंचालनालयाच्या परवानगीवाचून होत नाही. ‘साहेब, खेळणे आहे’ असे म्हणून ते खेळण्यांच्या ९५०३ या शीर्षाखाली दाखवायचे ठरवले, तर खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे, आणि खोक्यावर ‘१८ वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असे छापलेले असेल तर तो युक्तिवाद तिथेच संपतो. अधिकाऱ्याला शंका आल्यास केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत वस्तू अडकवून ठेवण्याचा अधिकार त्याला कलम १० देते.

प्रतिकृतीबद्दल म्हणाल तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ मध्ये नकली अग्निशस्त्राची व्याख्या केवळ दिसण्यावरून केली आहे, त्यातून काही सुटते की नाही यावरून नव्हे. ते कलम नकलीचे खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करण्यासंबंधी आहे हे खरे. तरीही धातूची वस्तू रूपांतर होण्याजोगी नाही हे विमानतळावर रात्री दोन वाजता कोण कोणाला पटवून देणार?

आपल्या भावाने अशी वस्तू घेतलीच असेल तर विमानतळावरच्या हिरव्या मार्गिकेतून (घोषित करण्याजोगे काही नसलेल्यांच्या वाटेने) मुळीच जाऊ नये. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७७ प्रमाणे खरी घोषणा केली, तर कलम ८० खाली वस्तू ताब्यात ठेवून परत जाताना ती सोबत देण्याची विनंती करता येते, आणि तारवटी माणूस पुढच्या करारावर जाणारच असल्याने त्याला ही तरतूद सोयीची आहे. घोषणा न करता सापडल्यास जप्ती होते आणि फौजदारी गुन्ह्याची टांगती तलवार राहते. नोकरीसाठी पोलिसांचा दाखला लागणाऱ्या माणसाने एका नाटकापायी हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीत नरकासुराचे पुतळे करणाऱ्या एखाद्या मुलाकडून फायबरचे पिस्तूल ओतून घ्या. दहा हातांवरून कुणी ते ओळखणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. कलम ८० विषयी मला काहीच माहिती नव्हती. भावाने अद्याप खरेदी केलेली नव्हती, म्हणून त्याला आजच नको असे कळवले. मयेतील एका नरकासुरवाल्याने फायबरचे पिस्तूल करून देण्याचे कबूल केले आहे. नळी आणि मूठ एकाच साच्यात ओत, एवढी एकच अट मी त्याला घातली आहे. ६ मिलिमीटरच्या प्रश्नावर मात्र उत्तर गोवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी विचारणा करणार आहे. उत्तर आले की ते इथेच लिहीन.