सपाट तळव्याच्या इन्सोलने आता पायाची बाहेरची कड दुखते, बदल कुठे करावा?

प्रश्न
पेशंट महिला, वय 46, दिवसभर उभ्याचं काम. उजवा तळवा सपाट पण लवचीक. चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसते. आतल्या घोट्यामागे टिबियालिस पोस्टीरियरचं (कमान धरून ठेवणाऱ्या स्नायूचं) टेंडन दुखायचं. 4 मि.मी. पॉलिप्रॉपिलिनचं शेल (इन्सोलचा कडक प्लास्टिकचा तळ) दिलं, टाचेला आतून 6 अंश पोस्टिंग (टाचेखालची तिरकी पाचर), 4 मि.मी. मेडियल हील स्काइव्ह (टाचेच्या वाटीत आतल्या बाजूला दिलेला उतार). आतलं दुखणं कमी झालं, पण घोटा बाहेर कलतो आणि टाच बुटातून वर येते. पोस्टिंग काढून टाकू का?

ऑर्थोटिस्ट
पूर्ण काढू नका, टेंडन पुन्हा बोंबलेल. स्काइव्ह साच्यातच कोरलेला असतो, तो कमी करायचा तर शेल साच्यावर नव्याने ओढावं (तापवून घडवावं) लागतं. त्यामुळे आधी पोस्टिंगला हात लावा: ईव्हीएचं (फोमचं) असेल तर ग्राइंडरवर 6 वरून 4 अंशांवर आणा, दोन आठवडे बघा, मग पुढचं ठरवा.
त्याआधी चवडा तपासा. टाच सरळ धरल्यावर अंगठ्यामागचं हाड बाकीच्यांपेक्षा खाली उतरलेलं असेल, तर आतून दिलेली प्रत्येक उंची वजन बाहेरच ढकलते. तिथे शेलची पुढची आतली कड कापून त्या हाडाला खाली जायला जागा द्या.
बुटातलं मूळ इन्सोल काढलंय ना? त्यावरच शेल ठेवलं की टाच वर येणारच. बुटाची मागची भिंत खोल आणि कडक हवी.

फिजिओथेरपिस्ट
पोटरी किती ताठ आहे ते मोजलं का? गुडघा सरळ ठेवून, टाच मधोमध धरूनच मोजा. टाच बाहेर कलू दिली तर पाऊल मध्यातून वाकतं आणि आकडा खोटा चांगला येतो. पाऊल घोट्यातून 10 अंशही वर येत नसेल, तर कमान अडवल्यावर वाकायला जागा उरत नाही आणि टाच लवकर उचलते. 4 ते 6 मि.मी. हील लिफ्ट (टाचेखाली उंची) द्या, पण खोल बुटातच. पोटरीचं स्ट्रेचिंग रोज हवंच.
चालण्याच्या व्हिडिओत मोठा फरक शोधू नका. टाचेचा कोन जेमतेम दोन-तीन अंश बदलतो. खरा फरक टेंडनवरच्या ताणात पडतो. एका पायावर किती वेळा टाच उचलता येते, ते दर भेटीला लिहून ठेवा.

प्रश्नकर्ता
मोजलं, पाऊल जेमतेम 2 अंश वर येतं. मूळ इन्सोलही बुटातच होतं. आधी पोस्टिंग 4 वर आणतो, मग लिफ्ट.

ऑर्थोटिस्ट
दोन्ही एकाच दिवशी नकोच, कशाने फरक पडला ते कळणार नाही. प्रत्येक बदलानंतर पहिल्या दिवशी तासभर, मग रोज एक तास वाढवा. घरात अनवाणी नको. मागे पट्टा असलेली, इन्सोल बसेल अशी सँडल द्या.