मदत हवी आहे: 10 मीटर एअर रायफलसाठी पडणारं यांत्रिक टार्गेट, घंटी वाजते पण काउंटर चुकतो

राधानगरी_रोड

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या एका गावात शाळेतल्या मुलांना मी संध्याकाळी एअर रायफल शिकवतो. 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं आणि रायफल धरायला येणाऱ्या मुलांची रांग लागली. कांबळवाडीचा पोरगा ऑलिंपिकला मेडल घेतो, यापुढे मुलांना दुसरं काही सांगावं लागत नाही. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली तेव्हा यातली बहुतेक जन्मलीही नव्हती.

जागा आहे, जुनं धान्याचं गोदाम मिळालंय. मागे तिरका लोखंडी पत्रा आणि खाली शिसं गोळा करायचा ट्रे बसवलाय. कागदी कार्डं दोरी-पुलीवरून मागेपुढे करतो. अडचण नवशिक्या मुलांची आहे. 10 मीटरच्या कार्डावर काळा भाग 30.5 मिमीचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पहिल्या काही आठवड्यांत मुलाचे छर्रे कार्डभर पसरतात. कार्ड हातात येईपर्यंत कोणतं भोक कोणत्या शॉटचं, हे त्यालाही सांगता येत नाही. मग तो काय सुधारणार? खटका ओढला त्याच क्षणी "लागला" किंवा "नाही लागला" हे कळलं, तर शरीराला ते लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट आमच्या आवाक्यातलं नाही, आणि नेमकी सरावाच्या वेळी वीज जाते. म्हणून पूर्ण यांत्रिक हवं.

सध्या केलंय ते असं. 80 मिमी व्यासाच्या, 6 मिमी जाड माइल्ड स्टीलच्या पाच गोल प्लेटा. प्रत्येकीच्या खालच्या काठाला बिजागरी. प्लेट किंचित पुढे झुकून टेकणावर उभी राहते, छर्रा लागला की मागे पडते आणि सायकलच्या घंटीवर आपटते. प्लेटच्या पाठीला एक तार आहे, ती चार आकडी यांत्रिक काउंटरची दांडी ओढते. शेवटी एका दोरीनं पाचही प्लेटा पुन्हा उभ्या करायच्या.

त्रास दोन आहेत. प्लेटच्या खालच्या अर्ध्यात छर्रा लागला तर ती नुसती डोलते आणि परत उभी राहते. मुलाला "टण्" ऐकू येतं, प्लेट मात्र पडत नाही. आणि वरच्या भागात चांगला लागला तर ती घंटीवर आपटून उसळते आणि कधीकधी काउंटर एका ठोक्याचे दोन मोजतो. मालिकेच्या शेवटी मुलं एक आकडा सांगतात आणि काउंटर दुसरा. मुलं खोटं बोलत नाहीत हे मला माहीत आहे, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारं यंत्र मला हवं आहे.

घंटी त्या क्षणी वाजावी, नोंद खरी राहावी आणि वीज लागू नये, यासाठी काय बदलू? लेथ, वेल्डिंग, ड्रिल उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये होतं.

लेथ_आणि_लोणी

दादा, रायफल कोणती आणि छर्रा किती वजनाचा? काउंटरची तार प्लेट उभी असताना ताणलेली असते की सैल?

राधानगरी_रोड

मॅच रायफल, नळीतून साधारण 170 मीटर प्रति सेकंद. चपट्या तोंडाचे 4.5 मिमी छर्रे, 0.53 ग्रॅम. तार ताणलेली असते, प्लेट हलली की लगेच दांडी ओढली जावी म्हणून.

लेथ_आणि_लोणी

मग दुखणं तिथंच आहे. छर्र्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या वर जाते, पण ती प्लेटला मिळत नाही. शिसं चपटं होण्यात आणि उष्णतेत तिचा जवळजवळ सगळा भाग जातो. प्लेटला मिळतो तो फक्त संवेग, म्हणजे 0.00053 किलो गुणिले 170, जेमतेम 0.09. तुमची प्लेट भरते सुमारे 237 ग्रॅम. तिला वेग मिळतो सेकंदाला 38 सेंटिमीटर आणि ऊर्जा 0.017 ज्यूल. साडेसातातले दोन शतांशसुद्धा नाहीत! एवढ्याशा ऊर्जेत सुरुवातीलाच काउंटरची स्प्रिंग ओढायची म्हटलं तर प्लेट तिथंच थांबणार.

हलकी प्लेट घ्या. 50 मिमी व्यास, 3 मिमी जाडी, वजन 46 ग्रॅम. तोच छर्रा तिला पाचपट ऊर्जा देईल. संवेग तेवढाच, वस्तुमान कमी, म्हणून.

दुसरं म्हणजे बिजागरी. ती प्लेटच्या काठालाच असल्यामुळे खाली लागलेल्या छर्र्याला तरफ मिळतच नाही. प्लेटला खाली एक दांडी द्या आणि बिजागरी प्लेटच्या मध्यापासून 60 मिमी खाली न्या. प्लेटच्या पुढे एक जाड, न हलणारा पत्रा लावा आणि त्याला 40 मिमीचं भोक पाडा. मग सगळ्यात खालचा ठोका बिजागरीपासून 40 मिमीवर आणि सगळ्यात वरचा 80 मिमीवर पडेल. फरक फक्त दुपटीचा. आत्ता तो शून्यापासून 80 पर्यंत आहे.

बायथलॉनमध्ये (स्कीइंग आणि रायफल नेमबाजी एकत्र असलेल्या खेळात) हीच रचना असते. 50 मीटरवर एका पेटीत पाच टार्गेट. पुढचा पत्रा स्थिर, मागची झडप हलते. झोपून मारताना 45 मिमीचं वर्तुळ, उभ्यानं 115 मिमीचं. लागलं की काळ्याचं पांढरं दिसतं.

यंत्रमाग_इचल

लेथवाल्यांचं हलक्या प्लेटचं बरोबर आहे. तार सैल केली तर लागूनही मोजायचे राहिलेले ठोके मोजले जातील, कारण पडताना प्लेटचं स्वतःचं वजन दांडी ओढेल. पण दुहेरी मोजणी तशीच राहील. घंटीवरून उसळली की दांडी परत अर्धी मागे येणार.

माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्या मागावर पिक काउंटर (विणलेले आडवे धागे मोजणारा) मागाच्या शाफ्टवरून फिरतो, धोट्याच्या धक्क्यावर नाही. जोर जिथं भरपूर आहे तिथंच काउंटर जोडायचा. तुमच्या यंत्रात जोर कुठं आहे? छर्र्यात नाही, दोरी ओढणाऱ्या हातात आहे. मग प्लेट पडताना मोजूच नका, उचलताना मोजा.

प्रत्येक प्लेटच्या दांडीला एक छोटा पॉल लावा, म्हणजे एकाच बाजूला दुमडणारी खिट्टी. प्लेट पडताना तो काउंटरच्या दांडीवरून दुमडून निसटेल, प्लेटवर भार येणार नाही. दोरीनं प्लेट वर येताना तोच पॉल ताठ राहून दांडी दाबेल आणि एक आकडा पुढे जाईल. पडली नसेल ती प्लेट उचलली जाणार नाही, म्हणून तिचा आकडाही वाढणार नाही. घंटीवर ती कितीही वेळा उसळू दे. छर्र्याला फक्त प्लेट ढकलायची, उंदराच्या सापळ्यात उंदीर फक्त खिट्टी हलवतो तसं.

प्रत्येक लेनला पाच काउंटर नको असतील तर पाचही पॉल एकाच शाफ्टवर आणता येतील, पण मग पाच प्लेटा एकदम उचलल्या तर एकच आकडा पडेल. उचलपट्टी (दोरीनं प्लेटा उचलणारी पट्टी) थोडी तिरकी करा म्हणजे प्लेटा एकामागून एक वर येतील. मी असतो तर पाच काउंटर लावले असते. मुलाची कोणती जागा कच्ची आहे तेही कळतं.

राधानगरी_रोड

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. उचलताना मोजायचं! इचलकरंजीत जुने पिक काउंटर मिळतील का?

यंत्रमाग_इचल

भंगारात मिळतील, पण बरेच शाफ्टवर फिरणारे असतात. तुम्हाला दांडी दाबून एकेक आकडा पुढे सरकणारा लागेल. घेताना दांडी हातानं दाबून बघा, अर्ध्यात अडकणारा घेऊ नका.

माजी_बट_मार्कर

राम राम. सैन्याच्या मोठ्या रेंजवर आम्ही बटच्या (टार्गेट असतात त्या टोकाच्या) खंदकात बसून लांब काठीच्या चकतीनं दाखवायचो, कुठे लागली ते. तेव्हा तुमच्या यंत्राचं काम माणूस करायचा, म्हणून या धाग्याबद्दल आपुलकी वाटते.

पण सुरक्षिततेबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पुढचा स्थिर पत्रा उभा ठेवू नका. त्याचा वरचा काठ नेमबाजाकडे झुकलेला असू दे, म्हणजे फुटलेलं शिसं खाली ट्रेकडे जाईल. पत्र्यावर खड्डा किंवा वाकलेला काठ दिसला की तो बदला, खड्ड्यातून तुकडा कोणत्याही दिशेला येतो. स्टीलचे गोल छर्रे (बीबी) या टार्गेटवर कधीही नाही, ते सरळ उलटे येतात. प्रत्येक मुलाला आणि तुम्हालाही पॉलिकार्बोनेटचा चष्मा. प्लेटा उचलायची दोरी फायरिंग लाइनच्या मागून ओढता आली पाहिजे, कुणालाही पुढे जावं लागू नये. आणि पुढे जायचंच असेल तर सगळ्या रायफली रिकाम्या, खाली ठेवलेल्या, आणि तुमचा तोंडी हुकूम झाल्यावरच.

शिशाचा ट्रे कोरडा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. मुलांनी साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

राधानगरी_रोड

सुभेदारसाहेब (हुद्दा चुकला असेल तर माफ करा), सगळं मान्य. पुढचा पत्रा मी उभाच धरून चाललो होतो, आता तो झुकवतो. चष्मे आहेत, डब्याचा नियम आजपासून.

नेमबाज_ताई

मी पिस्तूल आणि रायफल दोन्ही शिकवते. यंत्राबद्दल सगळे बोलताहेत, मी मुलाबद्दल बोलते.

पडणाऱ्या प्लेटचा एक मोठा धोका आहे. शॉट सुटल्यावर मुलानं डोळा साइटमधून न काढता, गाल स्टॉकवरून न उचलता थांबायचं असतं. फॉलो-थ्रू. समोर काहीतरी पडतंय आणि काळ्याचं पांढरं होतंय म्हटलं की दहा वर्षांचं मूल मान वर करून बघणारच. काही आठवड्यांनी ते शॉट सुटायच्या आधीच मान उचलायला लागतं. ही सवय मोडायला मला नवीन मूल घडवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून बायथलॉनचं काळ्या-पांढऱ्याचं तुम्ही घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. त्यांना स्कीवर लगेच पुढे निघायचं असतं, त्यांची गरज निराळी. तुमच्या टार्गेटची खरी ताकद घंटीत आहे. कान उघडे असतात आणि मान हलवावी लागत नाही. प्लेट पुढच्या पत्र्याच्या मागे अंधारात असू दे, प्लेट पडली काय आणि न पडली काय, भोक सारखंच दिसू दे. किती लागले ते काउंटरवर मालिकेच्या शेवटी. तुम्ही नोंद उचलताना करणार आहात, ते याला छान जुळतं.

आणि कागद सोडू नका. घंटी फक्त लागला-चुकला सांगते. चुकलेला शॉट डावीकडे गेला की खाली, हे तिला सांगता येत नाही.

राधानगरी_रोड

ताई, मान वर करायची सवय दोन मुलींमध्ये दिसायला लागली आहे, आणि कारण माझ्या लक्षात येत नव्हतं. प्लेटा अंधारात ठेवतो. पण चुकलेला शॉट कुठे गेला हे कळायची काही सोय?

मिडलंड्सहून

आहे. मी बर्मिंगहॅमला राहतो. इथे एअर रायफलचा एक जुना खेळ आहे, बेल टार्गेट. पबच्या मागच्या खोलीत सहा-सात यार्डांवरून लोखंडी पत्र्यावर मारतात. मध्ये तीन अष्टमांश इंचाचं, म्हणजे साडेनऊ मिमीचं भोक, त्याच्या मागे घंटा. भोकातून गेला की घंटा वाजते. पत्र्यावर पांढरा लेप फासलेला असतो. चुकलेला छर्रा त्यावर काळसर डाग सोडतो, म्हणून तो किती जवळ होता ते लगेच दिसतं. मग पुन्हा लेप फिरवायचा.

तुमचा पुढचा पत्रा आधीच स्थिर असणार आहे. त्यावर चुन्याचा हात मारा. प्रत्येक चुकलेला शॉट शिशाच्या रंगात दिसेल. दर मालिकेनंतर ओल्या ब्रशनं नवा हात. चुन्यात थोडा डिंक घातला तर पत्र्याच्या उतारावरून निथळणार नाही.

माजी_बट_मार्कर

चुना मारणाऱ्यानं हातमोजे घालावेत, त्या ब्रशला शिसं लागलेलं असणार. आणि तो ब्रश दुसऱ्या कामाला नको.

राधानगरी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरलं: पुढे झुकवलेला जाड पत्रा, 40 मिमीची पाच भोकं, वर चुना. मागे 3 मिमीच्या हलक्या प्लेटा, बिजागरी 60 मिमी खाली. पडताना घंटी, उचलताना पॉलवरून काउंटर.

दोन प्रश्न उरले. उचलपट्टी वर गेल्यावर ती पूर्ण खाली परत आली नाही तर प्लेटा पडणारच नाहीत. तिला स्प्रिंग लावू की वजन? आणि ताई, पाच घंट्या वेगवेगळ्या आवाजाच्या घेऊ का?

यंत्रमाग_इचल

वजन. स्प्रिंग जशी ताणते तसा जोर बदलतो आणि गोदामात गंजते. पट्टीच्या टोकाला दोरी बांधून पुलीवरून अर्धा किलो लटकवा, कमी पडलं तर वाढवा. पट्टी खाली जिथं थांबते तिथं जुन्या पट्ट्याच्या चामड्याचा तुकडा ठेवा, नाहीतर त्या आपटण्यानं उभ्या प्लेटा हलतील.

नेमबाज_ताई

सुरुवातीला पाचही एकाच आवाजाच्या. वेगळे आवाज असले की मूल "कोणती पडली" याचा विचार करतं, आणि तेवढ्यात पुढच्या शॉटचा श्वास बिघडतो. ज्या मुलांचा फॉलो-थ्रू पक्का झालाय त्यांच्यासाठी फक्त मधल्या प्लेटची घंटी बदला आणि मधल्या प्लेटवर सलग मारायला सांगा.