कापूस वेचणाऱ्या बायांसाठी अंतर्वस्त्रे : माप, कापड आणि चित्र

प्रश्न : पांढरंसोनं_यवतमाळ

मी नागपूरला फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला शिकते. अंतर्वस्त्रे हाच आपला विषय, हे पहिल्या वर्षीच मनाने घेतले होते, कारण वीतभर कापडात वळण, ताण, शिवण आणि अस्तर यांचा इतका नेमका हिशेब दुसऱ्या कुठल्याही कपड्यात करावा लागत नाही. शेवटच्या प्रकल्पासाठी मला आमच्या गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांसाठी बॉडी, म्हणजे ब्रा, तयार करायची आहे. या बाया दिवसभर वाकून काम करतात, आठवडी बाजारातून अंदाजाने नंबर घेतात आणि संध्याकाळी खांद्यांवर पट्ट्यांचे वळ घेऊन घरी येतात.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. त्या माप घेऊ देत नाहीत, मग साचा कशावरून काढू? दुसरी अडचण चित्राची आहे. बाजारातल्या डब्यांवर परक्या बायांची छायाचित्रे असतात आणि दुकानदार तो डबा कागदात गुंडाळून देतो. ज्यांच्यासाठी कपडा आहे त्या बायांना मान खाली न घालता पाहता येईल, असे माहितीपत्रक कसे करावे? आईलाही मी हा विषय अजून नीट सांगितलेला नाही.

उत्तर : शिवणकाकू_आर्वी

बाळ, मी तीस वर्षे ब्लाउज शिवते. तुला हवा तो साचा कटोरी ब्लाउजमध्ये आधीच आहे. त्याची कटोरी आणि खालची पट्टी वेगळी करून बघ. अंगावर टेप लावू देत नसतील तर प्रत्येकीकडून नीट बसणारा एक जुना ब्लाउज मागून घे आणि त्यावरून माप काढ. हे त्या आनंदाने देतील, कारण शिंप्याकडे मापाचा ब्लाउज देण्याची सवय सगळ्यांनाच असते.

वळ उठतात त्याचे कारण बहुतेक वेळा खांद्यावर नसते, ते खालच्या पट्टीत असते. वजन पेलायचे काम छातीखालच्या पट्टीचे आहे. ती सैल असली की बाई खांद्याच्या पट्ट्या आवळते आणि सगळा भार तिथे येतो. छातीचा घेर आणि छातीखालचा घेर यांत एका इंचाचा फरक असेल तर ए कप, दोन इंचांचा असेल तर बी, तीन इंचांचा असेल तर सी, असा साधारण हिशेब धरतात. नंबरातला आकडा पट्टीचा आणि अक्षर कटोरीचे, म्हणूनच ३४ बी आणि ३६ ए यांची कटोरी जवळपास सारखी निघते, पट्टी मात्र वेगळी असते. ती बघितली नाही तर नंबर चुकतो. खालची पट्टी सरळ धाग्यात काप म्हणजे ती ताणून सैल होणार नाही. कटोरी उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात, काप म्हणजे साधे सुती कापडही वळणावर बसेल. इलॅस्टिक फक्त पाठीमागे ठेव. शिवून झाल्यावर बाईला वाकायला लाव आणि मगच पसंती विचार.

उत्तर : चित्रकलाशिक्षक_वाशीम

काकूंच्या उत्तरात मी चित्रापुरती भर घालतो. अजिंठ्याची अनेक लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात खोदली गेली. तो वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आमच्या वाशीमचा, आणि सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दिलेले आहे. तिथल्या चित्रांत राजस्त्रियांचे ऊर्ध्वांग बऱ्याच ठिकाणी उघडे दिसते आणि शिवलेली चोळी मात्र दासींच्या अंगात दिसते. काय झाकायचे आणि कोणी झाकायचे, याची रीत काळाबरोबर किती उलटली हे तिथे समोरच दिसते. पुढे राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये सुरू झालेल्या छापखान्यातून साडीचोळीतल्या देवी घरोघरच्या भिंतींवर गेल्या आणि शालीन स्त्री कशी दिसते याचा नमुनाच जणू ठरून गेला. घरातली नजर भिंतीवरच्या चित्राने घडते, असे मला वाटते. म्हणून तुमचे माहितीपत्रक हा प्रकल्पाचा दुय्यम भाग मानू नका.

मेरी फेल्प्स जेकब यांना १९१४ मध्ये अमेरिकेत ज्या ब्रेसियरचे पेटंट मिळाले, तिची सुरुवात दोन हातरुमाल आणि एक फीत जोडून झाली होती. तुम्हीही कपड्याची घडण दाखवा : कटोरीचे तुकडे, शिवण, आतले अस्तर, काज भरणारे हात. शरीर दाखवल्याशिवाय हा कपडा दाखवता येत नाही, हा समज जाहिरातींनी रुजवला आहे.

उत्तर : आरोग्यसेविका_दारव्हा

आमच्याकडे बाया बॉडी लुगड्याखाली वाळत घालतात. ती आतून ओलसर राहते आणि घामाच्या दिवसांत छातीखाली खाज व बुरशी घेऊन त्या आमच्याकडे येतात. त्यामुळे कापड लवकर वाळणारे असावे, अस्तर जाड नसावे, आणि पत्रकाचे पहिले चित्र अंगणातल्या दोरीवर उघड्या उन्हात वाळणाऱ्या बॉडीचे असावे, अशी माझी विनंती आहे.

पुन्हा : पांढरंसोनं_यवतमाळ

दोरीचे चित्र पहिल्या पानावर घेते. काल आईकडे तिचा जुना ब्लाउज मागितला आणि तो कशासाठी हवा तेही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग पेटीतून दोन ब्लाउज काढले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा घे, तो दुसरा काखेत काचते."