पोराने बोआ पाळलाय, बंदी आली तर?

मिशिगनकर: अमेरिकेत अजगरांवर बंदी असं वाचलं, आमच्या पोराचा सहा फुटी बोआ (अजगरासारखाच विळखा घालणारा साप) आहे, दिवसभर पाण्याच्या टबात वेटोळं करून पडलेला असतो. त्याचं काय होणार?

सर्पवेडा: घाबरू नका हो. 2010 ला बोआ धरून नऊ मोठ्या सापांच्या जातींची आयात आणि राज्याराज्यांतली ने-आण लेसी कायद्याखाली (वन्यजीवांच्या व्यापारावरचा अमेरिकी कायदा) बंद करायचा प्रस्ताव होता, पाळणाऱ्यांनी जाम विरोध केला, 2012 ला चार आणि 2015 ला चार बंद झाल्या, बोआ सुटला. पुढे 2017 ला कोर्ट म्हणालं, राज्याराज्यांत न्यायला हा कायदा आडवा येत नाही. तुमच्याकडच्या थंडीत अजगर बाहेर जगणार कसा, फ्लोरिडाची शिक्षा सगळ्यांना कशाला?

फ्लोरिडावाली: एव्हरग्लेड्समधले (आमच्या फ्लोरिडातली मोठी दलदल) रॅकून, ससे कुणी संपवले मग? पाळून कंटाळले की सोडून दिलेल्या बर्मीज अजगरांनीच ना!

मिशिगनकर: ते खरंय ताई. आमचा मात्र मेलेला उंदीर कोमट करून दिला नाही तर तोंड फिरवतो.