मदत हवी आहे : पाच भाषांच्या पालकांची सभा कशी घ्यावी?

नवी मुंबईच्या तुर्भे, दिघा पट्ट्यातल्या शाळांत मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं एकाच वर्गात असतात. शालेय नेतृत्व शिकवणारे प्राध्यापक आणि अनुभवी मुख्याध्यापक इथे आहेत, म्हणून विचारतोय.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि ५० टक्के महिला हव्यात, हे शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २१ मध्ये आहे. कागदावर ते जमतं. पण सभा दुपारी ठेवली की नाका कामगाराचा रोज बुडतो, आणि इतिवृत्तावर न वाचताच अंगठा उमटतो. सभा रविवारी सकाळी, ४० मिनिटांची, वस्तीतच घेतली तर? कोणी नियमित घेतंय का?

दुभाषा म्हणून मुलालाच उभं करणं मला चूक वाटतं. स्वतःबद्दलची तक्रार ते गाळतं, आणि आईबापांचा मानही जातो. त्यापेक्षा प्रत्येक भाषेची एक पालक-आई नेमून ३० सेकंदांचा आवाजी निरोप पाठवायचा विचार आहे. भाषांतर बरोबर झालं की नाही, हे कसं तपासता? दुसऱ्या पालकाकडून तोच निरोप मराठीत परत सांगवून घेणं पुरतं का?

आणखी एक. आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (त्याच कायद्याचं कलम ५), वयाचा पुरावा नसला तरीही नाही (कलम १४). तरी खिडकीवरून पालक परत जातात. लिपिकांसाठी सोप्या सूचनेचा नमुना कोणाकडे असेल तर कृपया द्या.