कॅम्परव्हॅनने जर्मनी आणि फ्रान्स : रात्रीचा मुक्काम कुठे करावा आणि शौचालयाची सोय कशी लावावी?

प्रश्न : दूरचीवाट

येत्या सप्टेंबरमध्ये मी, माझे यजमान, 9 वर्षांची मुलगी आणि 71 वर्षांच्या सासूबाई असे चौघे म्युनिकहून कॅम्परव्हॅन (आत झोपण्याची व शौचालयाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन जर्मनीतले ब्लॅक फॉरेस्ट, मग फ्रान्समधले आल्सास आणि बरगंडी असा 12 दिवसांचा प्रवास करणार आहोत. यजमानांना तिकडे मोठी गाडी चालवण्याचा सराव आहे, त्यामुळे रस्त्याची चिंता नाही. चिंता आहे ती रात्रीची. सासूबाईंना रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते. त्या हे स्वतःहून कधी सांगत नाहीत, पण प्रवासाला निघायचे म्हटले की आदल्या दिवसापासून पाणी पिणे कमी करतात, आणि मग दोन दिवसांत त्यांचे पाय सुजतात व डोके दुखू लागते. या वेळी तसे होऊ द्यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले आहे.

महामार्गालगतच्या विश्रांतितळावर रात्रभर गाडी उभी करून झोपणे कायदेशीर व सुरक्षित आहे का? गाडीतल्या शौचालयाची टाकी किती दिवस पुरते आणि ती कुठे, कशी रिकामी करतात? दररोज कॅम्पिंगच्या जागेचे पैसे भरणे आवश्यक आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1 : मुक्कामी

सर्वप्रथम गाडी उभी करणे आणि तळ ठोकणे यांतला फरक लक्षात घ्यावा, कारण बहुतेक वाद त्यावरूनच होतात. जर्मनीत जिथे गाडी उभी करण्यास मनाई नाही, तिथे चालक थकला असल्यास पुन्हा गाडी चालवण्याइतका ताजातवाना होईपर्यंत, म्हणजे व्यवहारात एक रात्र, गाडीतच झोपू शकतो. मात्र तुम्ही बाहेर खुर्च्या मांडल्या, गाडीच्या बाजूचे कापडी छत उघडले किंवा शेगडी बाहेर काढली, की तो तळ ठरतो आणि त्याला परवानगी लागते. दुसरी रात्र त्याच जागी काढणे हेही विश्रांतीच्या सबबीत बसत नाही. फ्रान्समध्ये याबाबत नगरपालिकेचा फलक महत्त्वाचा असतो. समुद्रकिनारे व संरक्षित स्थळे येथे तर निर्बंध अधिक कडक आहेत. फ्रान्समधल्या अनेक वाहनतळांच्या तोंडाशी साधारण दोन मीटर उंचीवर आडवी दांडी असते, तेव्हा आत वळण्यापूर्वी वर नजर टाकावी.

महामार्गालगतच्या तळांवर दिवसा थांबण्यास काहीच हरकत नाही, परंतु रात्री तिथे झोपू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मालमोटारींचे इंजिन आणि शीतयंत्रे रात्रभर सुरू असतात, आणि विशेषतः फ्रान्समध्ये अशा ठिकाणी गाड्या फोडण्याचे प्रकार होतात. महामार्ग सोडून पाच-दहा किलोमीटर आत गेल्यास गावाच्या कडेला, जलतरण तलावाजवळ किंवा नदीकाठी कॅम्परव्हॅनसाठीच आखलेली जागा बहुधा मिळते. जर्मनीत तिला श्टेलप्लाट्झ म्हणतात, तर फ्रान्समध्ये एर द कॅम्पिंग-कार. तिथे पिण्याचे पाणी भरण्याचा नळ, सांडपाणी सोडण्याची जाळी आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची जागा सहसा असते. पण स्वच्छतागृह आणि स्नानगृह बहुतेक ठिकाणी नसते, कारण तुमच्या गाडीत ते आहे असे गृहीत धरलेले असते. नवख्या लोकांची गफलत नेमकी इथेच होते.

पार्कफोरनाइट किंवा कॅम्परकॉन्टॅक्ट या अॅपवर जागा शोधता येतात, परंतु अॅपवर जागा दिसते म्हणून ती वैध आहे असे समजू नये. प्रत्यक्ष जागेवरचा फलक काय म्हणतो, तेच प्रमाण मानावे.

प्रतिसाद 2 : डोंगरवारा

टाकीविषयी सविस्तर लिहितो, कारण गाडी ताब्यात देताना हे दोन मिनिटांत उरकले जाते. आम्हालाही तसेच उरकून दिले होते आणि त्याचा त्रास तिसऱ्या रात्री झाला.

भाड्याच्या बहुतेक गाड्यांत कॅसेट पद्धतीचे शौचालय असते. भांड्याखाली एक सरकती झडप, तिच्याखाली साधारण 17 ते 20 लिटरची टाकी, आणि ती टाकी बाहेरच्या बाजूने एक छोटे दार उघडून ओढून काढायची, अशी ती रचना असते. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. तुम्ही चौघे आहात आणि रात्रीचा वापरही आहे, तेव्हा रोज रिकामी करावी लागेल असेच धरून चला. भरल्याची सूचना देणारा लाल दिवा बहुतेक गाड्यांत असतो, पण आमचा दिवा पहाटे दोनला लागला आणि त्या वेळी काहीही करता येण्यासारखे नव्हते. तेव्हापासून आम्ही दिव्याची वाट पाहत नाही. सकाळी निघण्यापूर्वी टाकी रिकामी करतो आणि मगच गाडी सुरू करतो.

रिकामी करताना हातमोजे घालावेत. टाकीला चाके व मूठ असते, त्यामुळे ती उचलावी न लागता ओढत नेता येते. निर्धारित जागी गेल्यावर नळकांडे बाहेर वळवून झाकण काढावे आणि ओतताना हवेचे बटण अंगठ्याने दाबून धरावे. ते दाबले नाही तर आत हवा जात नाही, धार गचके खात पडते आणि शिंतोडे उडतात. त्यानंतर दोन-तीन वेळा पाणी घालून, हलवून, विसळावी. शेवटी थोडे पाणी आणि मात्रेइतके दुर्गंधीनाशक रसायन घालून ती परत बसवावी. गाडी चालू असताना झडप बंदच असली पाहिजे.

विसळण्याचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळे असतात, कधी कधी अगदी हातभर अंतरावर. विसळण्याच्या नळावर जर्मनीत 'काइन ट्रिंकवासर' आणि फ्रान्समध्ये 'ओ नों पोताब्ल' अशा अर्थाची पाटी असते, म्हणजे हे पाणी पिण्यायोग्य नाही. त्या नळाच्या तोंडाला लोक टाकी लावतात, म्हणून तिथून बाटली कधीही भरू नये. मुलीलाही हे आधीच सांगून ठेवा.

रसायन निवडताना फॉर्मल्डिहाइड नसलेले घ्यावे. टाकीतली दुर्गंधी मारणारे तेच द्रव्य सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही मारते, आणि लहान गावांच्या शुद्धीकरण केंद्रांना ते झेपत नाही. जर्मनीत 'ब्लाउअर एंगल' हे पर्यावरणचिन्ह असलेली रसायने मिळतात. शौचालयातला कागदही लवकर विरघळणारा वापरावा, ओले टिश्यू मात्र टाकीत कधीच जाऊ देऊ नयेत. झाडाझुडपांत किंवा रस्त्यावरच्या पावसाळी गटारात टाकी ओतणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय गावकऱ्यांचा रोष पुढच्या प्रवाशांना भोगावा लागतो आणि चांगल्या जागा कायमच्या बंद होतात. हे मी फार कळकळीने लिहितो आहे.

प्रतिसाद 3 : शिदोरी

वरील माहिती योग्य आहे, परंतु सासूबाईंचा विचार करता मी थोडे वेगळे सुचवेन. आईला घेऊन आम्ही असाच प्रवास केला, तेव्हा पहिल्या दोन रात्री नियमित कॅम्पिंगच्या जागेतच काढल्या, आणि तो निर्णय योग्य ठरला. गाडीतले शौचालय अरुंद असते, दार हलके असते आणि शेजारी घरची माणसे झोपलेली असतात. वयस्कर माणसाला अडचण होते ती जागेची कमी आणि संकोचाची जास्त. कॅम्पिंगच्या जागेत मोठे, दिवे असलेले स्वच्छतागृह असते. स्वच्छतागृहापासून तीस-चाळीस पावलांवरची जागा मागून घ्यावी. अगदी समोरची घेऊ नये, तिथे दारांचे आवाज रात्रभर येतात. दोन दिवसांत आईला गाडीची सवय झाली आणि तिसऱ्या रात्री तिने आपणहून आतले शौचालय वापरले.

गाडी तिरकी उभी असेल तर रात्री त्या अरुंद जागेत तोल सांभाळणे कठीण जाते, म्हणून चाकांखाली ठेवायच्या प्लास्टिकच्या पाचरी भाड्याच्या सामानात आहेत का, ते विचारून घ्यावे. दारापाशी एक जादा पायरी आणि शौचालयाजवळ मंद दिवा असला की पुष्कळ फरक पडतो.

जर्मनीतल्या अनेक कॅम्पिंगच्या जागांत दुपारी 1 ते 3 विश्रांतीची वेळ असते आणि त्या काळात फाटक बंद ठेवतात. दोन वाजता पोहोचलात तर बाहेर ताटकळावे लागेल. फ्रान्समधल्या नगरपालिकेच्या जागा स्वस्त आणि नीटनेटक्या असतात, पण काही ठिकाणी स्वच्छतागृहात कागद नसतो, तो आपला न्यावा.

दिवसाच्या प्रवासाबद्दलही लिहिते. जर्मन महामार्गावरच्या मोठ्या पेट्रोलपंपांवरील सानिफेअर या कंपनीच्या स्वच्छतागृहात शिरताना माणशी 1 युरो घेतात. त्याबदल्यात मिळणारे कुपन तिथल्या दुकानात चालते. फ्रान्समध्ये महामार्गावरची स्वच्छतागृहे विनामूल्य असतात. दर दीड तासाला थांबायचे, असे निघतानाच सर्वांसमोर ठरवून टाका, म्हणजे तुमच्यासाठी थांबलो असे सासूबाईंना वाटणार नाही आणि त्या पाणी पिणे कमी करणार नाहीत.

दूरचीवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दीड तासाचा नियम सर्वांसाठीच करण्याची कल्पना मला सुचली नव्हती. आता पहिल्या दोन रात्री ब्लॅक फॉरेस्टमध्ये कॅम्पिंगच्या जागेत, पुढे एक रात्र श्टेलप्लाट्झवर आणि एक रात्र कॅम्पिंगला, असा क्रम लावते आहे. बरगंडीत द्राक्षमळ्यांत मुक्काम करता येतो असे ऐकले आहे, ते आम्हाला जमेल का?

प्रतिसाद 4 : मुक्कामी

जमेल. ती फ्रान्स पासिओं नावाची योजना 1993 पासून सुरू आहे. वर्षाची सभासद वर्गणी भरली की सहभागी द्राक्षमळे व शेतांवर 24 तासांपर्यंत विनामूल्य थांबता येते, आणि मळ्याच्या मालकाकडून काही विकत घ्यायची सक्ती नसते. तिथे स्वच्छतागृहाची अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण गाडीत स्वतःचे शौचालय असणे हीच त्या योजनेची अट आहे. म्हणून मळ्यावर जाण्याच्या दिवशी सकाळी कॅम्पिंगच्या जागेतून टाकी रिकामी करून आणि स्वच्छ पाणी पूर्ण भरूनच निघा. अंधार पडण्यापूर्वी पोहोचून मळ्याच्या मालकांना भेटा, आणि दाराकडची बाजू सपाट जमिनीकडे येईल अशी गाडी लावा.