बूड बसत नाही म्हणून बुडतेय: कयाकच्या फिटिंगबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या साखळीची. म्हादईवर कयाक चालवण्याचा हा माझा तिसरा पावसाळा. त्यातला पहिला राफ्टमध्ये बसून किंचाळण्यात गेला, तेव्हा दोनच धरा. उस्ते ते सोनाळ या पट्ट्यात उतरतो, सोबत नेहमी तिघे-चौघे असतात, हेल्मेट आणि लाइफ जॅकेटशिवाय कोणी पाण्यात जात नाही. हे आधीच सांगते, नाहीतर निम्मे प्रतिसाद त्यावरच येतील.

अडचण रोलची आहे, म्हणजे उलटल्यावर होडीतून बाहेर न पडता ती परत सरळ करण्याची. मामाच्या कुळागरातल्या तळीत माझे दहापैकी नऊ रोल लागतात. नदीत उलटले की सहातला एक.

गेल्या रविवारचं सांगते. एका मोठ्या खडकाच्या आड, उलट फिरणाऱ्या पाण्यात, म्हणजे एडीत थांबले होते. तिथून धारेत निघाले आणि नाक धारेला लागताक्षणी होडी वरच्या अंगाला, म्हणजे धार येते त्या बाजूला, कलंडली. पाण्याखाली घाबरले नाही, पॅडल जागेवर नेलं, जोर लावला. त्याच क्षणी उजवा गुडघा मांडीच्या टेकूखालून सटकला. कंबर मी फिरवली, होडी मात्र होती तिथेच राहिली. डोकं वर आलं, अर्धा श्वास मिळाला, परत खाली. शेवटी स्कर्टचा (कंबरेभोवती घालून होडीचं तोंड झाकतात त्या कापडाचा) पट्टा ओढून बाहेर पडले आणि पाण्याने भरलेली होडी ढकलत काठाला आणताना गुडघे सोलून घेतले.

होडी जुनी घेतलेली आहे. आधीचा मालक ८५ किलोचा, मी ५४. सीटवर बसल्यावर दोन्ही बाजूंना माझी चार-चार बोटं आरामात जातात. म्हणून कुशनच्या दुकानातून सोफ्याचा फोम आणला आणि चपलांना लावतात तो पिवळा गोंद लावून होडीच्या आत चिकटवला. दोन फेऱ्यांत फोम सांबारातल्या इडलीसारखा फुगला आणि गोंद सालासारखा निघून आला.

तर प्रश्न असे. फोम कोणता आणि तो टिकतो कसा? किती घट्ट करायचं? फार घट्ट केलं आणि उलटल्यावर बाहेरच पडता आलं नाही तर, ही भीती मनातून जात नाही. आणि मुळात हे फिटिंगचं दुखणं आहे की माझ्या कंबरेचं?

(सरावाला कुंभारजुव्याच्या कालव्यात जा असं कृपया सुचवू नका. तिथल्या मगरींच्या शेजारी उलटं लटकायची माझी तयारी नाही.)

*

प्रतिसाद:

ताई, गुडघा सटकतोय म्हणजे फिटिंग. रोलमध्ये होडी सरळ होते ती गुडघ्याने आणि कंबरेने, हाताने नव्हे. मधे चार बोटं पोकळी असेल तर तुमची सगळी ताकद त्या पोकळीतच संपते. तळीत पाणी स्थिर असतं म्हणून तिथे खपून जातं.

सोफ्याचा फोम काढून टाका. बंद छिद्रांचा फोम लागतो, जिममध्ये जमिनीवर अंथरतात त्या जोडमॅटसारखा. खात्री करायची तर एक तुकडा रात्रभर बादलीत दगडाखाली दाबून ठेवा. सकाळी पिळल्यावर पाणी आलं तर तो सोफ्यालाच लावा. गोंदाचा दोष नाही. होडी पॉलिथिलीनची असते आणि त्याला गोंद नीट धरत नाही. त्यामुळे फोम फोमलाच चिकटवायचा: दोन्ही बाजूंना गोंद लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग एकदाच नीट बघून दाबा, नंतर हलवता येत नाही. असा थरांचा गठ्ठा करून पट्ट्याने सीटला बांधा. थर पातळ ठेवा, एखादा काढता-घालता येतो. कापायला ब्रेडची दातेरी सुरी, आकार द्यायला पॉलिश पेपर.

सुरुवात पायांपासून करा, सगळे इथेच चुकतात आणि आधी कंबर भरतात. चवडे टेकूवर दाबले की गुडघे आपोआप वर जाऊन मांडीच्या टेकूला भिडले पाहिजेत. पाय पोहोचत नसतील तर पुढच्या टेकूवर फोम चढवा. त्यानंतर कंबर: पॅड आणि अंग यांच्यामध्ये तळहात जेमतेम सरकला पाहिजे, त्याहून घट्ट नको. पाठीचा पट्टा सगळ्यात शेवटी. तो टेकायला असतो, बांधून घ्यायला नाही. आणि सीटखाली जाड फोम घालून उंच बसू नका, गुरुत्वमध्य वर गेला की होडी आणखी डुगडुगते.

किती घट्ट याचं उत्तर तळीतच मिळेल. कोणाला तरी शेजारी पाण्यात उभं करा, स्कर्ट लावा, उलटं व्हा. गुडघे दाबून धरले की आत राहायला हवं, पाय सैल सोडले की पिशवीतल्या बटाट्यासारखं बाहेर पडायला हवं. नवीन फोम लावल्यावर हे दहा वेळा झाल्याशिवाय नदीत जायचं नाही. स्कर्टचा पट्टा बाहेर राहिलाय ना, हे दर वेळी हात लावून बघा. आणि जाड तळव्याचे बूट नकोत, पायाच्या टेकूजवळ अडकतात.

होडीच्या मागच्या भागात हवेच्या पिशव्या आहेत का? नसतील तर फोमच्या आधी त्या घ्या. आत पाणी भरायला जागाच कमी राहते, म्हणजे पुढच्या वेळी गुडघे शाबूत.

*

प्रतिसाद:

वरचं सगळं मान्य, पण थोडं वेगळं मत मांडतो. रोल सुधाराच, पण तुम्ही उलटलात कशाला? एडीतून निघताना होडी वरच्या अंगाला कलंडली, याचा अर्थ त्या बाजूची कड धारेला मिळाली. धार त्या कडेवर चढते आणि होडी पालथी घालते. निघण्याआधी दोन-तीन दमदार वल्ही मारून वेग घ्या, नाक वरच्या अंगाला साधारण ४५ अंशांवर ठेवा आणि एडी आणि धार यांच्यामधली रेषा ओलांडायच्या आधीच वरच्या अंगाची कड गुडघ्याने उचला. सायकल वळवताना आत झुकतो तसं. रेषेवर पोहोचल्यावर झुकायला जाल तर उशीर झालेला असतो. आता यालाही गुडघा टेकूला भिडलेला लागतोच, म्हणजे गाडी परत फोमवरच आली म्हणा.

उलटल्यावर लगेच झटापट करू नका. एक-दोन सेकंद थांबा, होडी धारेच्या वेगाला येऊ द्या. मग खालच्या अंगाने उठा, तिकडून पाणीच वर ढकलतं. डोकं सगळ्यात शेवटी. तुमच्या वर्णनात डोकं आधी आलंय, वाचताच मान दुखली. नजर पॅडलच्या पात्यावर ठेवली की डोकं आपोआप खाली राहतं. आणि कोपरं अंगाशी. हात डोक्यावर नेऊन जोर लावणाऱ्यांचे खांदे निखळतात.

*

धागाकर्तीकडून:

देव बरें करूं, दोघांनाही. जोडमॅट कापली, कंबरेला दोन्हीकडे तीन-तीन थर, पायाच्या टेकूवर दोन. घरभर काळा चुरा झालाय आणि आईचं बोलणं अजून चालू आहे. तळीत मामेभावाला उभं करून दहा वेळा बाहेर पडले. पहिल्या वेळी तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

काल नदीत पाणी बेताचं होतं. दोनदा मुद्दाम उलटले, दोन्ही वेळा उठले. तिसऱ्यांदा खरीखुरी उलटले तेव्हा एकदा फसून दुसऱ्या प्रयत्नात उठले, पण पोहावं लागलं नाही. कड उचलणं मात्र अजून उशिराच होतंय.

एकच नवीन तक्रार: अर्ध्या तासात डाव्या पायाला मुंग्या येतात. कंबरेचा थर काढू का?

*

प्रतिसाद:

कंबरेला हात लावू नका. आधी पाठीचा पट्टा दोन दाते सैल करून बघा. तेवढ्याने नाही भागलं तर सीटची पुढची कड मांडीत रुतत असणार. मांडीखाली, सीटच्या पुढे, एक उतरता फोम ठेवा म्हणजे पायाला आधार मिळेल. आणि दर एडीत थांबलात की चवडे सैल सोडा. नवीन फिटिंगमध्ये माणूस सगळा वेळ टेकू दाबूनच बसतो.